लक्ष्मीबाई डोंगरे : लेकीच्या लेखणीत उरलेली आई

आपल्या समाजात वंशावळीची हौस जुनी आहे. देवळातील उत्सवाला चार घरची मंडळी एकत्र जमली, की मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोणत्या पिढीत कोणी गाव सोडले, ही चौकशी हटकून निघते. बालाघाटसारख्या ठिकाणी ती अधिकच निघते. मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ साली हा जिल्हा बनविण्यात आला आणि येथल्या पुष्कळ मराठी घरांचे मूळ दुसरीकडेच कोठेतरी आहे. शेजारच्या पोवारांची परंपराही त्यांना माळव्यातून आलेले म्हणून सांगते. तेव्हा ‘आम्ही कोठून आलो’ हा प्रश्न येथे कोणालाच परका नाही.

परंतु या चौकशीची भाषा लक्षपूर्वक ऐकली, तर एक गोष्ट ध्यानात येते. पणजोबा ‘आले’ असे आपण म्हणतो. पणजी ‘आणली’ असे म्हणतो. पणजोबांचे गाव, त्यांची विद्या, त्यांची नोकरी यांचा तपशील मिळतो. पणजीविषयी फार तर ‘अमक्यांच्या घरची’ एवढा उल्लेख सापडतो. वास्तविक दोघांतले मोठे स्थलांतर तिचेच असते. पुरुष एकदा गाव सोडतो. ती आधी माहेर सोडते आणि मग नवऱ्यामागून गावही सोडते. तिने नवी बोली कशी आत्मसात केली, ती काय शिकली, तिने मुलांना काय शिकविले, हे वंशावळीच्या रेषेत बसत नाही.

म्हणून गेल्या शतकामागील अशा एका स्त्रीचे चरित्र किती हाती लागते आणि ते कोणत्या रूपात हाती लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे. ही स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई डोंगरे. पंडिता रमाबाईंच्या मातोश्री एवढीच त्यांची ओळख पुष्कळांना असेल. कित्येकांना तीही नसेल. त्यांचे स्वतःचे लेखन आपल्यापुढे नाही. जे आहे ते सर्व लेकीच्या लेखणीतून, अथवा लेकीकडून ऐकलेल्यांच्या लेखणीतून आलेले आहे. ही साधने मुख्यतः तीन आहेत : १८८७ साली फिलाडेल्फिया येथे निघालेले रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक व त्याला डॉ. रेचल बॉडली यांनी जोडलेली प्रस्तावना. १८९७ साली रमाबाईंनी लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणी. आणि १९०७ सालचे त्यांचे आत्मनिवेदन, जे मराठीत ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित आहे. पुढे देवदत्त नारायण टिळकांनी १९६० साली ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे चरित्र लिहिले. अलीकडच्या काळात उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांनी रमाबाईंच्या जीवनाचा साक्षेपी अभ्यास केला. परंतु या सर्वांचा विषय लेक आहे, आई नव्हे. आईसाठी पुन्हा मूळ तीन साधनांकडेच यावे लागते, आणि ती वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. ती तिन्ही निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेली आहेत, आणि प्रत्येकीत लक्ष्मीबाई निराळ्याच दिसतात.

१

पहिल्या पुस्तकातील एक प्रसंग घेऊ. बालविवाहाच्या चालीविषयी लिहिताना रमाबाई एक हकीकत सांगतात. एक गृहस्थ सहकुटुंब यात्रेला निघालेला आहे. बरोबर दोन लहान मुली आहेत, एक नऊ वर्षांची आणि दुसरी सातांची. गोदावरीच्या काठी मुक्काम पडतो. सकाळी स्नानाला आलेला एक परका पुरुष त्याच्या दृष्टीस पडतो. जात, गोत्र, गाव विचारले जाते. तो विधुर आहे असे कळते. तासाभरात बोलणे ठरते, दुसऱ्या दिवशी लग्न लागते, आणि नऊ वर्षांची ती मुलगी त्या अनोळखी माणसाबरोबर जवळजवळ नऊशे मैल दूर निघून जाते. बाप पुढच्या यात्रेला लागतो.

या हकीकतीत नदीला नाव आहे. मुलीला नाही, तिच्या बापाला नाही. ती मुलगी सुदैवाने चांगल्या हाती पडली, पण अशा असंख्य मुलींचे काय होत असेल, असा प्रश्न करून लेखिका पुढे जाते. ती मुलगी म्हणजे आपली आई, हे ती तेथे सांगत नाही. तो उलगडा बॉडलीबाईंच्या प्रस्तावनेमुळे होतो : तो परका पुरुष म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे, आणि नऊ वर्षांची ती मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई.

रमाबाईंनी हे नाव का दडविले असावे? संकोच हे एक उत्तर झाले. परंतु ते पुरेसे वाटत नाही. ज्या पुस्तकात एका चालीवर आरोप ठेवावयाचा आहे, त्यात सुखाने पार पडलेल्या आपल्याच आईबापांच्या लग्नाचा दाखला देणे अवघड होते. नाव घेतले असते, तर आरोप लटका पडला असता. प्रसंग वगळला असता, तर जवळचा सर्वांत बोलका पुरावा हातचा गेला असता. लेखिकेने प्रसंग ठेवला आणि नाव काढले. वादाच्या दृष्टीने हे योग्य झाले. चरित्राच्या दृष्टीने मात्र आई आपल्याच लग्नात अनामिक राहिली. आणि हेच पुस्तक आईच्या स्मृतीस अर्पण केलेले आहे! अर्पणपत्रिकेत नाव आणि प्रकरणात अनामिकता, ही विसंगती वाचकाने विसरू नये.

‘नऊशे मैल’ या अंतराचाही थोडा विचार केला पाहिजे. गोदाकाठाहून मंगळुराकडील मुलुख सरळ रेषेत पाचशे मैलांच्या आसपास भरेल. डोंगर, घाट, नद्यांचे उतार आणि तीर्थांचे वळसे धरले, तर पायवाट वाढेल हे खरे. तरीही हा आकडा मोजणीदाराचा नाही. तो त्या मुलीच्या पायांचा आहे. आईने लेकीला सांगितलेले आणि लेकीने परदेशात लिहिलेले ते अंतर आहे. जेथून माहेरी परतण्याची गोष्टच उरली नाही असे ठिकाण किती दूर असते, एवढेच तो आकडा सांगतो. आणि तेवढ्यापुरता तो अचूक आहे.

सासर होते कारकळ तालुक्यातील माळ या बाजूस. हा चित्पावनांच्या जुन्या वस्तीचा मुलुख. घरात त्यांची चित्पावनी बोली, जिचे नाते एका अंगाने मराठीशी आणि दुसऱ्या अंगाने कोंकणीशी, घराबाहेर तुळू, कचेरीत व बाजारात कानडी. देशावरच्या मराठीत वाढलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या कानावर हे सर्व एकदम पडले असणार. या मासिकाचे मराठी आणि कोंकणी दोन्ही वाचक ही स्थिती चांगली जाणतात. नागपुराकडून बालाघाटात आलेल्या सुनेला आजही हिंदी, पोवारी आणि क्वचित गोंडी यांच्यामधून आपली वाट काढावी लागते. रमाबाईंच्या ठायी पुढे जे बहुभाषित्व दिसले, त्याचे बीज त्यांच्या प्रवासात जसे आहे, तसे आईच्या या पहिल्या स्थलांतरातही आहे, असे मानण्यास हरकत नसावी.

२

सासरी आल्यावर जे घडले, ते सर्व साधनांत अनंतशास्त्र्यांच्या बाजूने सांगितलेले आहे. पुण्यास रामचंद्रशास्त्र्यांपाशी ते शिकत असताना, ते गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत, हे त्यांनी पाहिले. आपल्याही पत्नीला शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. दुसरीच्या बाबतीत त्यांनी हट्ट धरला. घरच्यांचा विरोध झाला, तेव्हा बायकोला घेऊन ते पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्यांचा उगम तेथलाच. पहिली रात्र उघड्यावर गेली. वाघाची डरकाळी ऐकून ती बालिका पासोडीत अंग चोरून पडून राहिली, आणि शास्त्रीबुवा उजाडेपर्यंत पहाऱ्यावर बसले.

ही हकीकत मोठी चित्तवेधक आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. प्रत्येक चरित्रकार ती सांगतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात नायक शास्त्रीबुवाच असतात. त्यांचे धैर्य, त्यांचा निश्चय, त्यांचा त्याग! हे सर्व खरे आहे. आपल्या या वर्तनाचा जाब देण्यास त्यांना उडुपीस बोलावण्यात आले. माध्वपीठाच्या त्या क्षेत्री सुमारे चारशे विद्वानांपुढे त्यांनी शास्त्राधार दाखविले, असे ‘साक्ष’ सांगते. ते आधुनिक अर्थाने सुधारक नव्हते, हेही तीच सांगते. वेद स्त्रियांना नाहीत, हे त्यांना मान्य होते. पुराणे, काव्ये व व्याकरण यांना मात्र शास्त्राची आडकाठी नाही, एवढाच त्यांचा पक्ष. जुन्या धर्माच्या चौकटीत उभे राहून, जुन्याच ग्रंथांचे आधार काढून त्यांनी ही वाट मोकळी केली. आपल्या देवळांतून परंपरेचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

परंतु शिकविणाऱ्याच्या धैर्याबरोबर शिकणारीच्या श्रमांचाही हिशेब व्हावयास हवा. माहेर तुटलेले, घरच्या वडील मंडळींची इतराजी, शेजार म्हणजे अरण्य, आणि शिकणे हा स्वतः मागितलेला हक्क नव्हे, तर नवऱ्याने घातलेले व्रत! अशा स्थितीत ती संस्कृत शिकली. एवढेच नव्हे, तर तिच्यात ते मुरले. पुढे त्या स्थानी यात्रेकरू येऊ लागले, विद्यार्थी राहू लागले, घराचा आश्रम झाला. आश्रम म्हणजे पंक्ती. पंक्ती म्हणजे स्वयंपाक. शास्त्रीबुवांच्या औदार्याची वर्णने करणाऱ्या लेखकांनी एवढ्या पानांसाठी चूल कोण फुंकत होते, याची नोंद घेतलेली नाही. त्या आतिथ्यापायी पुढे कर्ज झाले, आणि घर सोडावे लागले.

घर कधी सुटले? ‘साक्ष’ म्हणते, रमाबाई सहा महिन्यांच्या असताना. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वेताच्या पेटाऱ्यात तान्ह्या मुलीला निजवून, पेटारा माणसाच्या डोक्यावर देऊन हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. उलट बॉडलीबाईंच्या प्रस्तावनेत एक सुंदर चित्र आहे : अरण्यातली पहाट, पाखरांची किलबिल, आणि झोपेने जड झालेल्या मुलीला लाडीगोडीने उठवून तोंडी पाठ देणारी आई. या दोहोंचा मेळ बसत नाही. सहा महिन्यांच्या मुलीला कोणी पाठ देत नाही. ‘साक्ष’ सांगते की, आईने शिकवावयास आरंभ केला तो मुलीच्या आठव्या वर्षी, आणि पंधराव्या वर्षापर्यंत शिकविले. म्हणजे गंगामूळची ती रम्य पाठशाळा हा परदेशी वाचकाला रुचेल असा देखावा होय. खरी पाठशाळा वाटेवर होती. देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेच्या कोपऱ्यात, झाडाखाली ती भरली. ती कमी रम्य असेल. परंतु तिचे मोल कितीतरी अधिक आहे. अरण्यात राहून विद्या जपणे ही एक गोष्ट; रोज नवे गाव, रोज नवी चूल अशा स्थितीत सात वर्षे नेमाने मुलीला पाठ देणे ही दुसरी.

या कुटुंबाचा निर्वाह पुराण सांगण्यावर होता. देवळाच्या आवारात, नदीच्या घाटावर, पोथी सोडून बसावयाचे. ऐकणारे लोक फुले, फळे, धान्य, पैसा ठेवीत. भिक्षा मागावयाची नाही, चाकरी करावयाची नाही, हा दंडक. वडील वृद्ध झाले होते. त्यांना मुलीला शिकविण्यास सवड व शक्ती उरली नव्हती. म्हणून ते काम आईकडे आले, असे सर्व लेखक सांगतात. या वाक्यात ‘म्हणून’ हा शब्द अन्यायाचा आहे. जणू लक्ष्मीबाई बदली शिक्षक होत्या! फळ पाहिले तर गोष्ट उलटी दिसते. भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेली जी तरुणी १८७८ साली कलकत्त्यास पंडितांपुढे उभी राहिली, आणि जिला त्यांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, ती मुख्यतः लक्ष्मीबाईंची विद्यार्थिनी होती. कलकत्त्याच्या सभेने त्या दिवशी जी परीक्षा घेतली, ती एका अर्थाने गोदाकाठी नवव्या वर्षी देऊन टाकलेल्या मुलीची परीक्षा होती. ती उत्तीर्ण झाली. मात्र निकाल ऐकायला ती उरली नव्हती.

३

दुसरे साधन आपल्या प्रांताशी निगडित आहे. १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळला. भाताचे पीक बुडाले, आणि बालाघाट जिल्ह्यालाही त्याचा फार मोठा तडाखा बसला. या वेळी रमाबाई मध्यप्रांतात आल्या, उपाशी मुली व विधवा यांना घेऊन पुण्याकडे परतल्या, आणि केडगावच्या त्यांच्या संस्थेचा विस्तार त्यातूनच झाला. या फेरीच्या अनुषंगाने त्यांनी ज्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या, त्यांत त्यांच्या आईच्या अंतकाळाचे सर्वांत जिवंत वर्णन आहे. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेवीस वर्षे मनात दाबून ठेवलेले दुःख शब्दांत उतरले, ते आपल्या मुलुखातील भुकेली मुले पाहून.

रमाबाई आपल्या कुटुंबाच्या दुष्काळाची वर्षे १८७४ ते १८७७ अशी मोजतात. मद्रास इलाख्यातील मोठा दुष्काळ सरकारी इतिहासात १८७६-७८ चा म्हणून नोंदला आहे. या फरकाला आठवणीची चूक म्हणण्याची घाई करू नये. पुराणिकाचे पोट लोकांच्या सुबत्तेवर चालते. पीक उणे झाले, की शेतकरी आधी देणगी आखडतो, मग खाणे आखडतो. सरकारी दप्तरात दुष्काळ लागण्यापूर्वीच तो पुराणिकाच्या घरी आलेला असतो.

दागिने गेले, वस्त्रे गेली, चांदीची व तांब्यापितळेची भांडी गेली. देवाने कृपा करावी म्हणून जे उरले तेही देवधर्मात व ब्राह्मणांस दान देण्यात खर्च झाले, असे रमाबाई सांगतात. शेवटी पाणी, झाडाची पाने आणि रानखजुरीची चार फळे यांवर अकरा दिवस व रात्री काढल्या. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला. मुलगा श्रीनिवास याने मजुरी करण्याची तयारी दाखविली. परंतु थोड्याच दिवसांत वडील गेले. त्यांच्या मागोमाग १८७४ सालीच लक्ष्मीबाईही गेल्या. आई अखेरच्या दुखण्यात असताना सोळा वर्षांची मुलगी शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारी भाकरीसाठी जाऊन उभी राहिली. मागावे तर शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. बाईने ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो आईच्या तोंडात जाऊ शकला नाही. स्मशान तीन मैलांवर होते. खांदा देण्यास दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले. मुलगा आणि मुलगी स्वतः वाहक झाले. मुलीची उंची कमी म्हणून तिने आपल्या वाटणीचा भार डोक्यावर घेतला.

ज्यांनी उभे आयुष्य देवळांच्या आवारात पुराणे सांगण्यात घालविले, त्यांच्या प्रेताला खांदेकरी मिळू नयेत, हे वाचताना देवळाशी संबंध असलेल्या आपणा सर्वांची मान खाली गेल्यावाचून राहणार नाही. याचे समर्थन करण्याच्या भरीस कोणी पडू नये. वाटसरू कुटुंब, अनोळखी गाव, सर्वत्र उपासमार, ही कारणे आहेतच. परंतु कारण म्हणजे समर्थन नव्हे.

४

तिसरे साधन ‘साक्ष’. ते श्रद्धेचे निवेदन आहे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ‘साक्ष’ त्या दृष्टीने मागे वळून पाहते. तीत आईवडिलांची यात्रा, त्यांची व्रते, त्यांचे दान ही सर्व निष्फळ धडपड म्हणून दिसतात. येथे समीक्षकाने दोन टोके टाळली पाहिजेत. एक टोक आपल्या समाजाने धरले. मुलीने धर्म सोडला म्हणून तिच्या आईचेही नाव आपण टाकले. ज्या लक्ष्मीबाई अखेरच्या श्वासापर्यंत भागवताच्या पोथीबरोबर राहिल्या, ज्यांनी एकादशी सोडली नाही आणि पोथीही सोडली नाही, त्यांना लेकीच्या खात्यावर वजा टाकणे हा कोणता न्याय? दुसरे टोक त्या निवेदनाच्या भाविक वाचकांचे. त्यांना लक्ष्मीबाई म्हणजे केवळ एका अंधाराची बळी वाटतात. त्यांची विद्या त्याच परंपरेतून आलेली होती, हे ते विसरतात.

खुद्द रमाबाई मात्र ते विसरलेल्या नाहीत. ‘साक्ष’मध्ये श्रद्धेचा निवाडा कठोर आहे; पण आईविषयी लिहिताना तो कठोरपणा राहत नाही. आईने माझ्या बुद्धीला असे वळण लावले की पुढचे शिक्षण मी जवळजवळ कोणाच्या मदतीवाचून करू शकले, अशा आशयाची कबुली त्या देतात. जिला ‘साक्ष’ लिहावयाची होती, तिने ज्या साधनाने ती लिहिली, ते साधन आईचे होते.

आणखी एक गोष्ट या तिन्ही साधनांच्या कडेला राहिली आहे. ती म्हणजे थोरली मुलगी कृष्णाबाई. तिचे लग्न रीतीप्रमाणे लहानपणीच लावून देण्यात आले, आणि ते दुःखाचे झाले. त्यानंतर धाकटीच्या लग्नाची घाई आईवडिलांनी केली नाही. त्या काळी सोळा वर्षांची मुलगी अविवाहित ठेवणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हा निर्णयही अनंतशास्त्र्यांच्या नावे जमा आहे. परंतु नवव्या वर्षी अनोळखी हाती गेलेली आई, आणि लहानपणी दिलेली मुलगी डोळ्यांदेखत झुरताना पाहणारी आई, तिचा या निर्णयात वाटा नव्हता, असे मानणे म्हणजे तिला दोनदा अनामिक करणे होय. कृष्णाबाई आईवडिलांमागून थोड्याच काळात पटकीने गेली. श्रीनिवास १८८० साली गेला. रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमाबाई १९२१ साली, आणि स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. ती शाखा तेथे संपली. वंशावळीच्या हिशेबाने लक्ष्मीबाईंच्या नावापुढे आता रेषा नाही.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखाद्या स्थलांतरित स्त्रीचे चरित्र शोधताना काय हाती लागते? पहिल्या पुस्तकात ती एका चालीचे उदाहरण आहे. दुसऱ्यात एका दुष्काळाची बळी. तिसऱ्यात एका श्रद्धेचा पूर्वपक्ष. प्रत्येक वेळी ती कशाचा तरी पुरावा आहे. लेकीने तिच्यावर प्रेम केले नाही असे नव्हे. प्रेम होते म्हणूनच प्रत्येक पुस्तकात ती आली. परंतु प्रेमाने लिहिणाऱ्यालाही स्वतःचे एक काम असते, आणि त्या कामापुरतीच दुसऱ्याची आकृती कागदावर उतरते. या तीन अपुऱ्या आकृती एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तरच मधोमध एक चौथी दिसू लागते : पाठ देणारी बाई. तिन्ही साधने एकमेकांशी हेतूने भांडतात. वर्ष, गाव, अंतर यांवरही त्यांचे पटत नाही. मात्र आई शिकवीत होती, या एका गोष्टीवर तिघींचे एकमत आहे. परस्परविरोधी साक्षी जेथे एक होतात, तेथे सत्य असते, हा न्यायाचा साधा नियम आहे.

म्हणून लक्ष्मीबाईंची वंशावळ रक्ताच्या रेषेने काढू नये, विद्येच्या रेषेने काढावी. पेशव्यांच्या वाड्यातील एक शिकणारी स्त्री. ती पाहणारा एक विद्यार्थी. त्याने शिकविलेली नऊ वर्षांची पत्नी. तिने शिकविलेली मुलगी. आणि त्या मुलीच्या शारदासदनात १८८९ पासून शिकत आलेल्या विधवा व मुली. या साखळीत सर्वांत कमी ठाऊक असलेला दुवा तोच सर्वांत मोलाचा आहे. कारण पुरुषाच्या हातून स्त्रीच्या हाती आणि स्त्रीच्या हातून स्त्रीच्या हाती, हे दोन्ही वळण तेथेच आहे.

आपल्याकडील कुलवृत्तांतांनी बायकांची माहेरची नावे देण्याची पद्धत पाडली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. त्यांत आणखी एक रकाना वाढवावा, एवढीच सूचना. बालाघाटच्या घरांतून आज ज्या वृद्धा आहेत, त्यांनी कोणती पोथी कोणाकडून घेतली, कोणते स्तोत्र, कोणते ओव्यांचे गाणे, कोणता हिशेब, कोणती लिपी कोणाला दिली, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे. हे काम आज होण्यासारखे आहे, उद्या नाही. रमाबाईंसारखी लेक प्रत्येक आईला लाभत नाही, आणि लाभली तरी ती आईचे नाव योग्य त्या पानावर लिहील असे नाही, हे आपण पाहिलेच.

बालाघाटजवळून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत शिरते. लक्ष्मीबाईंना ज्या काठावर दान करण्यात आले, तो काठ या संगमाच्या पुष्कळ वर आहे. आपले पाणी तेथपर्यंत जात नाही. तरीही नदी तीच. तिच्या काठी ज्या मुलीला नाव न विचारता देऊन टाकले, तिचे नाव आपण तरी विचारून घ्यावे, आणि आपापल्या घरच्या अशा मुलींचीही.